कोमट पाण्यातली व्होडका

हे बोटीवरून कायमचे घरी आले तेव्हा नेहमीसारख्याच दोन बाटल्या घेऊन आले. एक व्हिस्की स्वतःसाठी आणि एक व्होडका माझ्यासाठी. परदेशातल्या बंदरावर करमाफीच्या दुकानातून घेतलेल्या बाटल्या जुन्या लुंगीत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवायच्या, ही त्यांची पद्धत होती. बोटीवर ते मुख्य आचारी होते, चीफ कुक. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले रत्नागिरीत, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये. ते घरी असले की शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसायचो. सुट्टी संपून ते गेले की उरलेली बाटली कपाटात त्यांची वाट बघत राहायची. एकटीने घ्यावी असं मला कधी वाटलं नाही.

मी घ्यायला लागले ती लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि तीही त्यांच्याच आग्रहामुळे. "चव तर घेऊन बघ. तुझं कामच ते आहे," असं ते म्हणाले होते. आणि ते खरंच होतं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत फळांवर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे, तिथे मी लग्नाआधीपासून कामाला आहे. हंगामात आंब्याचा पल्प, मग कोकम, मग आवळा. प्रत्येक घाण्याची चव घ्यायची आणि तो भरायला पाठवायचा की बाजूला काढायचा ते सांगायचं, हे माझं काम. व्हिस्की मला भिजलेल्या लाकडासारखी लागली. बिअरने पोट फुगलं. व्होडका मात्र आवडली. त्यात कोकमाचं खारवलेलं आगळ घालायचं, एक हिरवी मिरची उभी चिरून टाकायची आणि वर सोडा. पहिला घोट घेतल्यावर डोकं गरगरेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. भूक मात्र चांगली लागली.

तर यांची नोकरी संपली आणि त्या दोन बाटल्याही हळूहळू संपल्या. तोवर यांना घरी राहायची सवय झालेली नव्हती. सकाळी लवकर उठून बसायचे, पेपर वाचायचे, मी कामाला जाताना दारापर्यंत यायचे. स्वयंपाकघरात मुद्दाम पाऊल टाकायचे नाहीत. "आयुष्यभर तेच केलं, आता तुझ्या हातचं खाऊ दे," म्हणायचे. मी संध्याकाळी थकून येऊन कणीक मळायची आणि ते बाजूला उभे राहून बघायचे. त्यांचा हात शिवशिवत असणार, पण मीही लाटणं त्यांच्या हातात दिलं नाही.

"आता इथलीच आणा कुठलीतरी," मी एका शनिवारी म्हटलं.

"इथली घेतली की डोकं दुखतं."

"कुणी सांगितलं?"

"बोटीवर सगळेच सांगायचे."

तरी संध्याकाळी ते खाली उतरले आणि एक बाटली घेऊन आले. दुकानदाराने सगळ्यात स्वस्त तीच काढून दिली असावी. झाकण उघडल्याबरोबर मला इंजेक्शन देण्यापूर्वी दंडाला लावतात त्या स्पिरिटची आठवण झाली. मी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. यांनी मात्र आपण आणली आहे तर संपवायची म्हणून दोन ग्लास घेतले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कपाळाला बाम लावून पडून राहिले. उरलेल्या व्होडकाने मी न्हाणीघरातला आरसा पुसला. आरसा लख्ख निघाला.

पुढच्या शनिवारी ते एकदम दुसऱ्या टोकाला गेले आणि उंची परदेशी बाटली घेऊन आले. ती चांगली होती, पण दर आठवड्याला परवडेल अशी नव्हती. बोटीवरच्या माणसाला पेन्शन नसते. साठवलेलं पुरवून खायचं असतं. आणि खरं सांगायचं तर ती मला तेवढी आवडलीही नाही. मागे जिभेवर काहीतरी गुळचट राहायचं.

"आपण नीट बघू," मी म्हटलं. "कारखान्यात करतो तसं. चार-पाच वेगवेगळ्या आणायच्या आणि शेजारी शेजारी ठेवून चव घ्यायची."

"व्होडकाला कुठे चव असते? सगळ्या सारख्याच."

"मग ती बामवाली कशी लागली होती?"

छोट्या बाटल्या, म्हणजे क्वार्टर, आणायला जा म्हटलं तर तेही जमेना. एकदम पाच क्वार्टर घेताना कुणी ओळखीचं भेटलं तर काय वाटेल, अशी त्यांची अडचण. जगभरच्या बंदरांवरचे बार बघितलेला माणूस रत्नागिरीच्या वाईन शॉपसमोर उभं राहायला लाजत होता. मी म्हटलं, मीच आणते.

शनिवारी कामावरून सुटल्यावर कंपनीच्या बसमधून एक थांबा अलीकडेच उतरले आणि खांद्याला डब्याची पिशवी तशीच अडकवून दुकानात गेले. पाच-सहा पुरुष जाळीशी उभे होते. मला बघून ते जरा बाजूला झाले, पण कुणी निघून गेलं नाही. जाळीमागे चष्मा लावलेले एक वयस्कर गृहस्थ होते.

"काय देऊ ताई?"

"व्होडका. पण मला वेगवेगळ्या बघायच्यात."

त्यांनी लगेच नारंगी रंगाची एक बाटली पुढे केली. "ही न्या. ऑरेंज आहे. लेडीज हीच नेतात."

"वासाची नको. साधी दाखवा. फार महाग नको आणि अगदी स्वस्तही नको. तुम्ही स्वतः कुठली घेता?"

"मी थेंबभर घेत नाही," ते म्हणाले. "आमच्या घरात चालत नाही. पण कोण काय नेतो ते दिसतं ना. ही जी आहे, तिची जाहिरात आली की महिनाभर खपते, मग नाही. आणि ही बघा. हिला कुणी विचारत नाही, पण जे नेतात ते वर्षानुवर्षं हीच नेतात."

मी दुसरी घेऊन लेबल वाचायला लागले. मागून एक जण म्हणाला, "काकी, धान्याची आहे का बघा. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मळीची असेल तर नको."

"मळीची म्हणजे?"

"उसाची. साखर काढून खाली जे उरतं ना, त्याची. वास येतो तिला."

दुसऱ्याने त्याला अडवलं. "असं काही नसतं रे. मी मळीचीच घेतो, मला कधी काही झालं नाही."

"तुला काय होणार," तिसरा म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. एकाने आपली घेतलेली बाटली माझ्या हातात देऊन तिचंही लेबल बघायला सांगितलं. निघेपर्यंत माझ्या पिशवीत पाच क्वार्टर झाल्या होत्या आणि प्रत्येकीची कुणी ना कुणी शिफारस केलेली होती. दुकानदारांनी त्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे वर्तमानपत्र घालून दिलं. घरी यांनी दार उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कोण भेटलं का?"

"भेटले ना. फार चांगले लोक होते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी चहा घेतला नाही, कारण चहाने जीभ जाड होते. केसांना तेल लावलं नाही. यांना सांगितलं, आज पूजेला उदबत्ती लावू नका. त्यांनी निमूटपणे फुलं वाहून नुसता नमस्कार केला. अकरा-साडेअकराच्या सुमाराला टेबलावर पाच सारखे काचेचे ग्लास मांडले. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर खूण केली. उंची बाटलीतली थोडी उरली होती, तिला सहावा ग्लास दिला. मी गॅलरीत पाठ फिरवून उभी राहिले आणि यांनी ओतलं. मग त्यांना बाहेर काढून मी ग्लासांच्या जागा बदलल्या. म्हणजे कशात काय आहे ते दोघांनाही कळायला नको. मग प्रत्येकात तेवढंच कोमट पाणी घातलं.

"कोमट?" हे म्हणाले. "बोटीवर कुणाला कळलं तर मला समुद्रात टाकतील."

"थंड केलं की दोष दिसत नाहीत. आम्ही पल्प कधी फ्रीजमधून काढून चाखत नाही."

आधी तळहातावर दोन थेंब घेऊन चोळायचे आणि वास घ्यायचा. मग थोडं तोंडात घ्यायचं, फिरवायचं आणि बाजूच्या भांड्यात टाकायचं. मधे साधे कुरमुरे खायचे आणि पाण्याने चूळ भरायची. यांना थुंकणं मान्य नव्हतं. "थुंकायला का आणली?" म्हणत ते प्रत्येक घोट गिळत गेले, आणि चौथ्या ग्लासापर्यंत चांगले खुशीत आले. एक ग्लास मी वासावरच बाजूला काढला. तीन ठीक होते. एक मला मनापासून आवडला. तोंडात गरम लागायचा, पण खाली उतरला की स्वच्छ, मागे काही ठेवत नव्हता. यांना त्याच्या शेजारचा आवडला. आमचा वाद सुरू होता तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात मामंजी उभे होते. माझे सासरे. केळशीला असतात, समुद्राच्या बाजूला त्यांची नारळ-पोफळीची बाग आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे सोमवारी येणार होते, पण गावातल्या कुणाची गाडी रविवारीच रत्नागिरीला येत होती म्हणून त्यात बसून आले. हातात नारळांची पिशवी आणि काखेत केळ्यांचा घड. ते आत आले, चपला काढल्या आणि मान वर करून म्हणाले, "घरात कुणाला इंजेक्शन दिलं का?"

हे पटकन उठून उभे राहिले. "नाही बाबा. पाणी आहे. पाण्याची तपासणी चाललीय, हिच्या कारखान्याची."

यांचं आणि मामंजींचं बोलणं कधी फार नव्हतं. हे कोवळ्या वयात बोटीवर गेले. सुट्टीत केळशीला जायचे तेव्हा "आलास?", "हो", "कधी जाणार?" एवढंच व्हायचं. भांडण काही नव्हतं. सवय नव्हती. आणि आता या वयात हे वडिलांसमोर हात मागे घेऊन उभे होते. मला ते बघवेना.

"मामंजी, व्होडका आहे ती," मी म्हटलं. "आम्ही दोघं घेतो कधीकधी. कुठली चांगली ते बघतोय."

यांनी माझ्याकडे असं बघितलं की काही विचारू नका. मामंजींनी नारळांची पिशवी आणि केळ्यांचा घड खाली ठेवला. न्हाणीघरात जाऊन पाय धुतले, चेहरा पुसला, येऊन टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"मग ठरली का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं. "मला एक वाटते, यांना दुसरी."

"आण गो इकडे."

"प्यायची नाही हं मामंजी. परवा ऑपरेशन आहे."

"पीत नाही. वास तर घेऊ दे. डोळे अधू झाले, नाक चांगलं आहे."

मी एकेक ग्लास त्यांच्या हातात देत गेले. ते नाकाजवळ न्यायचे, थोडं थांबायचे, परत करायचे. एका ग्लासापाशी त्यांनी कपाळाला आठी घातली. बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं आणि वाळू दिलं. "ह्यात साखर आहे. चिकटतंय बघ." मी बघितलं. खरंच बोटं किंचित चिकटत होती. तळाची खूण बघितली तर ती उंची परदेशी व्होडका. यांना ते पटेना. त्यांनी पुन्हा वास घेतला, पुन्हा बोट बुडवलं, आणि मग कबूल केलं.

"तुम्हाला कसं कळलं बाबा?"

"आपल्या बागेतले पुढचे माड माडीला दिलेले असायचे. तू लहान होतास. माडी काढणारा पहाटे चढायचा. मडकं उतरलं की आधी माझ्या नाकाखाली. आजची की कालची, त्यात साखर मारलीय का, ते बघून मगच पैसे. सकाळची माडी शहाळ्यासारखी गोड, दुपारी आंबटते, संध्याकाळी डोक्यात जाते." मग ते माझ्याकडे वळले. "तुझ्या सासूला आवडायची गो."

"आईला?" हे म्हणाले.

"सकाळची. गोड. पेलाभर घ्यायची, मागीलदारी उभी राहून. मग दिवसभर कामाला खंबीर."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मला त्या आठवतात त्या देवळात जाताना, डोक्यावरून पदर घेतलेल्या. त्यांना असं काही आवडत असेल हे मनातही आलं नव्हतं, आणि ते ऐकून का कोण जाणे मला फार बरं वाटलं. आपल्याला जे आवडतं त्यात घरातलं कुणीतरी आधीच होतं, असं काहीतरी.

शेवटी निवड अशी झाली. मामंजींनी माझी आणि यांची, दोन्ही चांगल्या ठरवल्या. खुणा बघितल्या तर माझी होती ती दुकानदारांनी दाखवलेली, जिला कुणी विचारत नाही ती. यांची थोडी महाग होती. तेव्हा माझी नक्की केली. बाकीच्या क्वार्टर झाकणं लावून ठेवल्या, आणि दुपारी हे इतके गाढ झोपले की चहाला उठवावं लागलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे होते, म्हणून मामंजी आमच्याकडेच राहिले. आमचा कारखान्यातला हंगाम ऐन भरात होता, मला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. बापलेक दिवसभर घरात दोघंच. पहिले काही दिवस मी सकाळी भात-आमटी करून ठेवून जायची. एके दिवशी संध्याकाळी दार उघडलं तर तळलेल्या लसणीचा वास आला. मामंजी काळा चष्मा लावून स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते आणि हे गॅसशी होते. पातेल्यात बांगडे उकळत होते, भरपूर आंबट पाण्यात, बरोबर मुळा आणि पालेभाजी.

"हे काय?" मी विचारलं.

"बोटीवर फिलिपिनो पोरं असायची," हे म्हणाले. "त्यांना घरची आठवण आली की हे करायला लागायचं. बाबा विचारत होते तिकडे काय करायचास, म्हणून म्हटलं करून दाखवतो."

आम्ही जेवायला बसलो. मामंजींनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "हे आपलं बांगड्याचं तिखलंच आहे. तू तिखट घालायला विसरलास."

पण त्यांनी पुन्हा मागून घेतलं. रात्री हे खाली फेरी मारायला गेले तेव्हा मामंजी मला म्हणाले, "हा चांगला करतो गो."

"त्यासाठीच तर बोटीवर ठेवलं होतं त्यांना."

"मला वाटायचं, बोटीवर काय असणार, डबे फोडून गरम करत असेल." मग ते म्हणाले, "घरी यायचा तेव्हा बायका करायच्या. ह्याच्या हातचं कधी खाल्लंच नव्हतं."

त्यानंतर स्वयंपाकघर यांच्या ताब्यात गेलं ते गेलंच. मला त्याची काही तक्रार नाही. कामावरून येऊन आयतं ताट मिळतं, ते कुणाला नको असतं?

डोळा तपासायला गेलो तेव्हा हे मला बाहेरच म्हणाले, "विचारू नकोस हं, बरं दिसत नाही." मी आत जाऊन विचारलंच. डॉक्टर तरुण मुलगी होती. "सासऱ्यांना थोडी व्होडका चालेल का?" म्हटल्यावर तिने मान वर करून आधी माझ्याकडे आणि मग मामंजींकडे बघितलं. मामंजी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत बसले होते.

"डोळ्याची काही हरकत नाही," ती म्हणाली. "ब्लडप्रेशरच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मी पाकीट दाखवलं. तिने ते वाचलं. "थोडीच द्या. काहीतरी खायला देऊन. रोज नको."

"रोज आम्हीही घेत नाही," मी म्हटलं.

त्या शनिवारी उन्हं उतरल्यावर गॅलरीत तीन खुर्च्या मांडल्या. यांनी कोळंबी तळली होती आणि काकडी चिरली होती. मामंजी म्हणाले, आधी नुसती दे, पाण्यातून. यांनी बेताची ओतून दिली. मामंजींनी घोट घेतला, तोंडात धरला आणि गिळला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"पाणी रागावल्यासारखं लागतं," ते म्हणाले.

मग यांनी त्यात आगळ घातलं, मिरची टाकली, चिमूटभर मीठ आणि सोडा. रंग गुलाबी झाला. मामंजींनी दुसरा घोट घेतला आणि खुर्चीत मागे टेकले, म्हणजे आवडली. थोड्या वेळाने त्यांनी यांना विचारलं, "तुला काय आवडायचं रे तिकडे? सगळ्यात जास्त?"

यांनी जरा विचार केला. "काम संपल्यावर गार बिअर. भटारखान्यात भट्टी पेटलेली, बाहेर ऊन, अंगाला कपडे चिकटलेले. तेव्हा पहिला घोट बरा वाटायचा. आणि एकदा एका बंदरावर फार थंडी होती. टपरीवर एक म्हातारी होती, तिने चहात रम घालून दिली. भाषा येत नव्हती. मी नाही म्हटलं तरी तिने घातलीच. ती चव पुन्हा कुठे मिळाली नाही."

"आणि वादळ झालं की? तेव्हा भात कसा शिजवायचास?"

मला वाटतं, हा प्रश्न यांना आयुष्यात कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही. मी विचारायची ते पोचलात का, जेवलात का, कधी येणार. हे खुर्चीत पुढे सरकले. शेगडीला लोखंडी कठडे कसे असतात, पातेलं अर्धंच का भरायचं, झाकण तारेने कसं बांधायचं, एका हाताने भिंतीचा गज धरून दुसऱ्याने कसं ढवळायचं, ते हाताने दाखवून सांगत राहिले. एकदा आमटीचं पातेलं सुटून सगळी आमटी जमिनीवर आली आणि बोट हलेल तशी ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होती, असं सांगितलं तेव्हा मामंजी खोकला येईपर्यंत हसले.

"मग जेवलात काय?"

"पाव आणि कांदा. कप्तानसुद्धा."

मामंजींचा ग्लास केव्हाच संपला होता. त्यांनी दुसरा मागितला नाही. दहीभात मागितला, आणि तो खाऊन झोपायला गेले. हे मात्र गॅलरीतच बसून राहिले. मी विचारलं, अजून घेणार का. ते म्हणाले, "नको, बास झाली." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "एवढं मी कधी बोललो नव्हतो त्यांच्याशी."

महिनाभराने मामंजी केळशीला गेले. आता हे मधूनमधून तिकडे जातात, चार दिवस राहतात, बागेत शिंपणं करतात आणि दोघांचा स्वयंपाक करतात. फोनवर मामंजी मला तक्रार सांगतात की ह्याने वाटपात काहीतरी भलतंच घातलं. तक्रारीत राग नसतो.

आमची ती व्होडका मध्यंतरी दुकानात येईनाशी झाली. दुकानदारांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि आम्ही यांच्या पसंतीची घ्यायला लागलो. फारसा फरक पडला नाही. कैरीच्या दिवसांत पन्ह्यातून चांगली लागते, थंडीत लिंबू आणि आल्याच्या रसातून. शहाळ्याच्या पाण्यातून यांना आवडते, मला पुचाट वाटते. पण आगळाची जोडी मला अजून दुसरी सापडलेली नाही. दुकानात आता मीच जाते. जाळीशी उभे असलेले बाजूला होत नाहीत, मी रांगेत उभी राहते.

गेल्या शनिवारी खालच्या मजल्यावरच्या बाई जिना चढून वर आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच असतात. म्हणाल्या, "दर शनिवारी तुमच्या गॅलरीतून हसण्याचा आवाज येतो. काय चालतं बघायला आले." हे पुन्हा खुर्चीतून अर्धवट उठले. मी त्यांना खाली बसवलं आणि बाईंना काय आहे ते सांगितलं.

"मला ते नको," बाई म्हणाल्या. "कोकम आहे ना, तेच द्या. मीठ जास्त घाला."

यांनी त्यांच्यासाठी मोठ्या ग्लासात सरबत केलं, वर मिरची टाकली. बाईंनी खुर्ची कठड्याजवळ ओढली, एक घोट घेतला आणि बशीतला तळलेल्या सौंदाळ्या माशाचा तुकडा उचलून मला विचारलं, "हा रव्यात घोळवलाय की तांदळाच्या पिठात?"

मी म्हटलं, "यांना विचारा."